डीजेच्या गाडीतल्या बॅटऱ्या : खोकं बंद करू नका, फ्यूज विसरू नका

शादीची वरात असो, उरूस-संदल असो, ईद-ए-मिलादचा जुलूस असो, गणपतीची मिरवणूक असो की जयंती, आवाजाची गाडी आता सगळीकडेच दिसते. आमचं दुधनी सीमेवरचं गाव. सोलापूर-अक्कलकोटकडून गाड्या येतात, तशा गुलबर्ग्याकडूनही येतात. या गाड्यांच्या आवाजावर भरपूर बोललं जातं. प्रकरण हायकोर्टातही गेलं. गणेशोत्सवात मर्यादेबाहेरचा आवाज घातक असेल तर ईदच्या जुलूसमध्येही तो तितकाच घातक आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. तो विषय महत्त्वाचाच आहे.

पण त्याच गाडीत स्पीकरच्या मागं लाकडी खोक्यात ठेवलेल्या बॅटऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही. आणि त्या खोक्यावर बसणारी, रात्री तिथंच आडवी होणारी पोरं कुणाची असतात? आपल्याच मोहल्ल्यातली. वायरिंग, ऑटो इलेक्ट्रिशियन, बॅटरी चार्जिंग, साउंड ऑपरेटर या कामांत आपली कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या आईवडिलांनी आणि गाडी ठरवणाऱ्या घरातल्या मोठ्यांनी हे समजून घ्यावं, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

दोन घटना लक्षात ठेवू

२९ जुलै २०२३ रोजी झारखंडच्या बोकारो जिल्ह्यातल्या खेतको गावात मोहरमच्या जुलूसची तयारी चालू होती. ताजिया उचलताना ११,००० व्होल्टच्या तारेचा स्पर्श झाला आणि ताजियासोबत ठेवलेल्या बॅटरीचा स्फोट झाला. ४ जणांचा जीव गेला, अनेक जण भाजले. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जुलै २०२२ च्या रात्री, पश्चिम बंगालच्या कूचबिहार जिल्ह्यात यात्रेकरूंच्या पिकअप गाडीत करंट उतरून १० जण गेले. मागं बसवलेल्या डीजेच्या जनरेटरच्या वायरिंगमुळे हे झालं असावं, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता.

एक घटना आपल्या जुलूसमधली, दुसरी दुसऱ्यांच्या यात्रेतली. वीज कुणाचा धर्म विचारत नाही. दोन्ही ठिकाणी माणसं आणि विजेचा साठा एकमेकांना खेटून होते.

एवढ्या बॅटऱ्या लागतात कशाला?

हिशेब सोपा आहे. समजा गाडीत ५,००० वॅटचा अॅम्प्लिफायर आहे. त्यातली काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून पूर्ण आवाजाला त्याला साधारण ६,६०० वॅट लागतात. घरात २३० व्होल्ट असतात, तिथं एवढ्या कामाला २९ अँपिअर पुरले असते. गाडीत मात्र १२-१३ व्होल्टच असतात. म्हणून तेच काम करायला ५०० अँपिअरच्या वर करंट लागतो. घरातला मिक्सर जेमतेम ३ अँपिअर घेतो, हे डोळ्यांसमोर ठेवा.

गाडीचा अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडं सगळे डायनामो म्हणतात, साधारण ७० ते १०० अँपिअर देतो. उरलेला करंट बॅटरीतून ओढला जातो. एक बॅटरी पुरत नाही, मग चार, सहा, आठ बॅटऱ्या जोडल्या जातात. परदेशात आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही मोटारींच्या आवाजाच्या स्पर्धा होतात. बंद गाडीत १५० डेसिबलच्या वर आवाज काढणाऱ्या त्या गाड्यांतही हीच रचना असते. फरक एवढाच की तिथं बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, फ्यूज कुठं आहे, हे तपासूनच गाडी आत घेतात. आपल्या गल्लीत तपासणारं कुणी नसतं. ते काम गाडीमालकाचं आणि आपलं.

बॅटरी वायू सोडते

शाळेत आम्ही हायड्रोजनचा प्रयोग करून दाखवतो. जस्ताच्या तुकड्यांवर विरल आम्ल टाकायचं आणि परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी न्यायची. ‘फट्’ असा आवाज होतो आणि मुलं हसतात. नळीतला वायू चमचाभर असतो म्हणून हसण्यावर भागतं.

तोच वायू बॅटरीतून निघतो. आम्लाच्या बॅटरीत शिसं आणि विरल सल्फ्युरिक आम्ल असतं. बॅटरी पूर्ण भरली तरी चार्जर चालूच राहिला, की करंटचं काम उरत नाही आणि तो आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग करू लागतो. बॅटरी ‘उकळते’ म्हणतात ती हीच अवस्था. हवेत हायड्रोजन शेकडा ४ ते ७५ या प्रमाणात असला, की एक ठिणगी पुरते.

भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १० अँपिअर करंट जात राहिला, तर तासाभरात सुमारे २५ लिटर हायड्रोजन तयार होतो. बॅटऱ्यांचं खोकं चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच धरा. बॅटऱ्यांची जागा सोडून आत साधारण ४०० लिटर हवा राहते. तिचे शेकडा ४ म्हणजे १६ लिटर. खोकं पक्कं बंद असेल तर एकच बॅटरी सुमारे ४० मिनिटांत धोक्याची रेषा ओलांडते. तशा चार बॅटऱ्या उकळत असतील तर दहा मिनिटं पुरतात. शिवाय हा वायू हवेपेक्षा १४ पट हलका असल्यामुळे झाकणाखाली आधी जमतो. म्हणजे वरच्या भागात धोका त्याहून लवकर.

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. बॅटरी फार तापली, फार उकळली की तो निघतो आणि तो विषारी आहे. असा वास आला तर बटणाला हात लावून ठिणगी पाडू नका. आधी माणसं बाहेर काढा, दारं उघडा, मग चार्जरची वीज लांबच्या मेन स्विचवरून बंद करा.

‘आमची बॅटरी मेंटेनन्स-फ्री आहे, सीलबंद आहे’ असं काही जण सांगतात. सीलबंद बॅटरीलाही दाब वाढल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. नेहमी ती फार थोडा वायू सोडते, पण चार्जर बिघडला किंवा बॅटरी तापली की तीही सोडते. आणि सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मे आपल्याला माहीत आहे. पारा ४० च्या वर, त्यात पत्र्याची बंद गाडी. साधारण नियम असा, की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं.

खोक्याला हवा कशी द्यायची?

वायू वर जातो, म्हणून हवा आत येण्याची जाळी खाली आणि बाहेर जाण्याची जाळी वर, समोरच्या बाजूला ठेवायची. दोन्ही जाळ्या खालीच असतील तर झाकणाखालचा वायू तिथंच राहतो. बाहेरची वाट थेट गाडीच्या बाहेर निघाली पाहिजे, पोरं बसतात त्या जागेत नाही.

पंखा लावायचा तर खालच्या जाळीपाशी, ताजी हवा आत ढकलणारा. वायू पंख्याच्या मोटरमधून ओढला तर मोटरचीच ठिणगी लागायची. चार्जर, रिले, स्विच आणि अॅम्प्लिफायर बॅटरीच्या खोक्यात किंवा त्याच्या वर ठेवू नका. चार्जिंग करताना झाकण उघडं, गाडीची दारं उघडी आणि बिडी-सिगारेट लांब.

दिसायला छान म्हणून काही जण खोक्याला गालिचा आणि फोम लावून चकाचक बंद करतात. हवेच्या वाटा त्याखालीच बुजतात.

फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून पोरं बिनधास्त असतात. पण शॉक बसत नसला तरी आग लागते. चांगली बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारभर अँपिअर सोडू शकते. केबल पत्र्याच्या कडेवर घासली, वरचं रबर फाटलं, की केबल लालभडक होते आणि शेजारचा प्लायवूड पेट घेतो.

फ्यूज केबलला वाचवतो, पण फ्यूजच्या पुढच्या केबललाच. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडाच राहतो. म्हणून परदेशातल्या स्पर्धांच्या नियमांत बॅटरीपासून सुमारे १८ इंचांच्या आत फ्यूज मागतात. आपल्याकडंही तेच पाळावं, आणि प्रत्येक बॅटरीला वेगळा फ्यूज असावा. फ्यूज उडाला म्हणून तिथं तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे राखणदाराला घरी पाठवून दार उघडं ठेवणं.

केबल घेताना एक पाहा. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तेवढाच करंट न्यायला ती जास्त जाड लागते. तांब्याच्या मापानं घेतली तर तापते.

लिथियम म्हणजे वेगळा मामला

लिथियम बॅटरी हलकी असते आणि चांगली चालत असेल तर वायू सोडत नाही. पण जुन्या ई-स्कूटरचे सेल काढून घरी बांधलेला पॅक गाडीत टाकणं धोक्याचं आहे. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट त्यात नसेल, तर एक सेल तापतो आणि शेजारच्यालाही पेटवतो. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. पॅक फुगला किंवा त्यातून धूर आला तर विझवत बसू नका, माणसं लांब न्या. आम्लाची आणि लिथियमची बॅटरी एकत्र जोडू नका. जुनी आणि नवीही एकत्र जोडू नका. कमजोर बॅटरी चांगलीकडून करंट ओढत राहते आणि तापते.

जनरेटर आणि झोप

बऱ्याच गाड्यांत जनरेटरही असतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडलाही वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. बंद गाडीत जनरेटर चालू ठेवून किंवा बॅटऱ्या चार्जिंगला लावून कुणीही झोपू नये. मालकानं पोरांच्या झोपेची सोय वेगळी करावी. हे मजुरीचाच भाग समजावं.

गाडी ठरवताना विचारा

बयाणा देण्याआधी एकदा मागचं दार उघडायला सांगा आणि पाहा :

- बॅटऱ्या पट्ट्यानं घट्ट बांधल्या आहेत का? खड्ड्यात उडून आम्ल सांडेल का?
- खोक्याला खाली आणि वर जाळी आहे का?
- टर्मिनलवर रबरी टोप्या आहेत का? फ्यूज कुठं आहे?
- सगळी वीज एका झटक्यात तोडणारा मेन स्विच आहे का, आणि तो कुठं आहे हे प्रत्येक पोराला माहीत आहे का?
- आग विझवायचा सिलिंडर आहे का, आणि त्याची मुदत संपली तर नाही ना?
- गाडीची उंची किती? वाटेतल्या तारांखालून ती निघेल का?

गाडीच्या मूळ रचनेत आरसी बुकाशी न जुळणारा बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. उद्या अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा येऊ शकतो.

काम करणाऱ्या मुलांसाठी

बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, घड्याळ, साखळी काढा. दोन टोकांत अंगठी अडकली तर ती बोटावरच तापून लाल होते. आधी निगेटिव्ह काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. चार्जरचे चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आम्ल डोळ्यात गेलं तर चोळू नका, सोडा टाकू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार, किमान १५ ते २० मिनिटं, आणि मग सरळ दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१.

ज्यांच्या घरी डीजेचा संबंधच नाही त्यांनीही आज एक काम करावं. घरातल्या, दुकानातल्या, मशिदी-मदरशातल्या इन्व्हर्टरची बॅटरी कुठं ठेवली आहे ते पाहावं. जिन्याखालच्या बंद कपाटात असेल, वर कपड्यांचे गठ्ठे आणि शेजारी देवळी-चूल असेल, तर तोच वायू तिथंही जमतो. कपाटाचं दार काढून टाकायला पाच मिनिटं लागतात. आणि मुलगा साउंडच्या कामाला जात असेल, तर किती मिळाले हे विचारताना रात्री कुठं झोपलास, हेही विचारा.