पहिल्या दहा मीटरांचे शास्त्र

डिसेंबरच्या सुटीत मालवणास येणाऱ्या पर्यटकाला दांडीच्या किनाऱ्यापासून तारकर्लीपर्यंत ठिकठिकाणी अशा आशयाच्या पाट्या आढळतात की, पोहता येत नसले तरी स्कूबा डायव्हिंग करता येईल. आणि हे विधान असत्य आहे असे कोणासही म्हणता येणार नाही, कारण ज्या कुरटे बेटावर 1664 साली शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली त्या बेटाच्या आसमंतातील उथळ पाण्यात, पाठीवर हवेची टाकी आणि हाताशी जाणता डायव्हर असताना, पोहण्याचा गंधही नसलेली माणसे दर हंगामात प्रवाळ आणि मासे पाहून सुखरूप वर येतात. परंतु या सत्य विधानातून पर्यटकाच्या, आणि क्वचित व्यावसायिकाच्याही, मनात एक असत्य अनुमान नकळत शिरते. पाणी उथळ आहे, सबब जोखीम अल्प. जोखीम अल्प, सबब सोबत येणाऱ्याचे काम हलके. आणि काम हलके, सबब ते कोणीही करावे, असे ते अनुमान होय. स्कूबा डायव्हिंग शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा पेशा नीट समजून घ्यावयाचा असेल तर हे अनुमान आधी खोडून काढले पाहिजे, कारण निसर्गनियमांच्या दृष्टीने समुद्राचे पहिले दहा मीटर हेच सर्वांत दगाबाज दहा मीटर होत.

समुद्रसपाटीवर आपल्या देहावर एका वातावरणाइतका दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर उतरताच त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरांवर तो दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट आणि चाळीसवर पाचपट होतो. रॉबर्ट बॉइलने 1662 साली मांडलेल्या नियमाप्रमाणे वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की हिशेब उघड होतो. चाळीस मीटरांवरून तीसवर येताना फुप्फुसात कोंडलेली हवा चतुर्थांशाने फुगते, तीसवरून वीसवर येताना तृतीयांशाने, वीसवरून दहावर येताना निम्म्याने. आणि दहावरून पृष्ठभागावर येताना ती एकदम दुप्पट होऊ पाहते. अंतर तेच दहा मीटरांचे, पण बदलाचा वेग वर येताना वाढत जातो, आणि ज्या पट्ट्यात नवशिका उतरतो त्याच पट्ट्यात तो कमाल होतो. छाती भरून घेतलेला श्वास रोखून जो वर येतो त्याच्या फुप्फुसास इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरण्यास सव्वा मीटरांइतके पाणीही पुरेसे ठरू शकते. जलतरण तलावात सामान्य माणसाच्या खांद्याला लागते तेवढेच हे पाणी.

स्कूबाच्या शिक्षणातील पहिला नियम यातून निघाला आहे: श्वास कधीही रोखू नये. हा नियम ऐकावयास सोपा आणि पाळावयास कठीण, कारण पाण्यात श्वास रोखणे ही मनुष्यमात्राची उपजत प्रवृत्ती आहे. एका दमात बुडी मारून तळाशी जाणारा पाणबुड्या पृष्ठभागावरची हवा छातीत घेऊन खाली जातो, ती खाली आक्रसते आणि वर येताना पूर्ववत होते. म्हणून त्याने श्वास रोखला तरी फुप्फुस फाटण्याचे भय नाही. टाकीवर श्वास घेणाऱ्याला मात्र रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच दाट हवा पुरवतो, आणि ती छातीत कोंडून वर येणे घातक ठरते. यास्तव लहानपणापासून समुद्रात सूर मारीत वाढलेल्या कोकणच्या मुलालाही इन्स्ट्रक्टरकडे आल्यावर आपल्या अंगवळणी पडलेली एक सवय आधी मोडावी लागते आणि मग नवी विद्या घ्यावी लागते.

ही विद्या जगाला स्वस्तात मिळालेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे खांब नदीच्या तळाशी रोवताना दाबाखालील हवेच्या कोठ्यांत काम करणारे मजूर वर आल्यावर सांध्यांच्या असह्य वेदनांनी आणि पक्षाघाताने पछाडले जात. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याला 1872 साली त्याच व्याधीने कायमचे जायबंदी केले. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब एकाएकी उतरल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे या व्याधीचे मूळ फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने 1878 मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध केले. आणि ब्रिटिश नौदलाच्या कामगिरीसाठी जे. एस. हॉल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके 1908 साली प्रसिद्ध केली. आज डायव्हरच्या मनगटावरचा संगणक क्षणोक्षणी जे गणित करतो त्याची पाळेमुळे या कोष्टकांत आहेत.

उपकरणाची गोष्ट याहून अलीकडची. पॅरिसमध्ये महायुद्धाच्या काळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवण्याची तजवीज चालू होती, आणि त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने बनवलेली झडप जाक-ईव्ह कुस्तो या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेशी जुळून 1943 साली अ‍ॅक्वालंग जन्मास आले. मागणी करताच, आणि मागेल तेवढीच, हवा देणारे हे यंत्र युद्धोत्तर काळात सर्वसामान्यांच्या हाती पडले. यंत्र विकत घेता येत होते, पण ते वापरण्याची शिस्त त्याबरोबर मिळत नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी 1953 मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब, 1960 मध्ये अमेरिकेत नावी आणि 1966 मध्ये पॅडी या संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर सनदी इन्स्ट्रक्टर हा पेशा आकारास आला. दुर्घटनांच्या नोंदींतून नियम, नियमांतून अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमातून शिक्षक, असा हा क्रम आहे.

शिक्षक पाण्यात काय करतो हे जवळून पाहण्यासाठी मास्कमधील पाणी काढण्याचा पाठ घ्यावा. जेमतेम दोन मीटर पाण्यात विद्यार्थी गुडघ्यांवर बसलेला असतो आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर इन्स्ट्रक्टर. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरी आधी स्वतः करून दाखवावयाची, आणि ती इतक्या संथपणे की पाहणाऱ्याला तिचे भाग सुटे सुटे दिसावेत: मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरणे, नजर किंचित वर करणे, तोंडाने श्वास घेऊन नाकाने सावकाश सोडणे. मग विद्यार्थ्याची पाळी येते. तो मास्क जरासा उचलतो, थंड पाणी डोळ्यांत आणि नाकपुड्यांत शिरते, आणि त्या एका क्षणात त्याची सारी समजूत हरपू शकते. डोळे विस्फारतात, श्वास तुटक होतो, पाय तळ सोडून झाडू लागतात आणि हात तोंडातला रेग्युलेटर उपटून काढण्यास सरसावतो. जाणत्या इन्स्ट्रक्टरला हे सगळे घडण्याआधीच, बुडबुड्यांची लय बिघडताच, कळते. त्याचा एक हात तोवर विद्यार्थ्याच्या जॅकेटचा पट्टा पकडून बसलेला असतो आणि दुसरा रेग्युलेटर ओठांशी टेकवून धरण्यास सिद्ध असतो. मग तो स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवतो, तळहात छातीपासून पुढे नेत श्वास सोडण्याची खूण करतो, आणि समोरच्याची लय पूर्ववत होईपर्यंत जागचा हलत नाही. विद्यार्थी घाबरून सरळ वर सुटला असता तर अंतर दोनच मीटरांचे होते, पण वर सांगितलेल्या हिशेबाने तेही पुरेसे होते. पाठ मास्कचा दिसतो. शिकवली जाते ती भीतीच्या क्षणीही श्वास चालू ठेवण्याची क्षमता.

ही पात्रता येण्यास मुदत लागते. पॅडीच्या शिरस्त्याप्रमाणे इन्स्ट्रक्टर होऊ पाहणाऱ्याचे वय किमान अठरा असावे लागते, त्याने बचावकार्य, प्रथमोपचार आणि डायव्हमास्टरची पायरी ओलांडलेली असावी लागते, आणि अंतिम परीक्षेपूर्वी त्याच्या नोंदवहीत किमान शंभर डायव्ह असावे लागतात. तो ज्यांना शिकवणार त्यांच्याही मर्यादा आखलेल्या आहेत: केवळ ओळखीपुरता पाण्यात उतरणारा बारा मीटरांपर्यंत, ओपन वॉटर अभ्यासक्रम पुरा केलेला अठरा मीटरांपर्यंत, पुढचा अभ्यासक्रम केलेला तीस मीटरांपर्यंत, आणि विशेष प्रशिक्षण घेतले तरी हौशी डायव्हरसाठी चाळीस मीटर ही शेवटची हद्द. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडीत प्रवाळपठार आहे. त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल असल्याने ओपन वॉटरच्या दाखल्यावर तेथे उतरण्याची मुभा नाही.

शिक्षकाच्या स्वतःच्या देहाची गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. अभ्यासक्रमात एक पाठ असा असतो की, टाकीतील हवा संपली आहे असे गृहीत धरून विद्यार्थ्याने सहा ते नऊ मीटरांवरून एका श्वासात, तोंडाने सतत आवाज काढीत, म्हणजे हवा सोडीत, सावकाश वर यावे. इन्स्ट्रक्टर त्याचा हात न सोडता त्याच्याबरोबर वर येतो, आणि पुढच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा खाली जातो. चार विद्यार्थी असतील तर प्रत्येक जण एकदाच वर येतो, शिक्षक मात्र चारदा. आणि हे त्याच वरच्या दहा मीटरांत, जेथे दाबाचा फेर सर्वांत तीव्र. असे वारंवार खालीवर होणे बुडबुड्यांच्या व्याधीस पोषक मानले जाते, म्हणून जाणते शिक्षक हा पाठ दिवसाच्या आरंभी घेतात आणि त्यानंतर खोल उतरण्याचे टाळतात. कानांचा प्रश्न तर नित्याचा. उतरताना मीटरा-दीड मीटरांतच कानाच्या पडद्यावर ताण येतो आणि नाक चिमटीत धरून हलके फुंकून तो समतोल करावा लागतो. सर्दी झालेल्याने पाण्यात उतरू नये हे जो शिक्षक दिवसभर सांगतो, त्याला भर हंगामात स्वतःच्या सर्दीसाठी रोजगार बुडवणे किती जड जात असेल, याचा विचार आपण करीत नाही.

कोकणात या पेशाला समुद्राचे पंचांगही पाळावे लागते. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून कमाई ऑक्टोबर ते मे या महिन्यांतच करून ठेवावयाची. उधाणाच्या दिवसांत ओढ वाढते आणि पाणी गढूळते. भांगाच्या दिवसांत ते तुलनेने निवळ असते. होडीवरच्या गाबीत तांडेलाला हे तिथीवरून आणि वाऱ्यावरून उमगते, आणि जो इन्स्ट्रक्टर त्याचे ऐकतो त्याचा दिवस सुरळीत जातो. घाटाचाही येथे संबंध आहे. लागोपाठ डायव्ह केलेल्याने विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत असा दंडक आहे, कारण उंचीवर हवेचा दाब उतरतो. मालवणहून कोल्हापूर वा बेळगावकडे परतणारा मनुष्य आंबोलीपाशी सुमारे सातशे मीटर उंची गाठतो. पर्यटकाच्या एका उथळ डायव्हने फारसे बिघडत नाही. परंतु दोन-तीन दिवस खोल पाण्यात घालवलेल्या डायव्हरने त्याच संध्याकाळी घाट चढू नये, ही सूचना देणे शिक्षकाच्या कर्तव्यात मोडते.

मालवणचा समुद्र 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे, आणि त्या घोषणेस स्थानिक मच्छीमारांनी आपल्या उपजीविकेच्या काळजीने दीर्घकाळ विरोध केला, हाही इतिहास आहे. पुढे त्याच समाजातील तरुण पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागले, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारल्यावर त्यांच्यापैकी काहींना रीतसर दाखले मिळवण्याचा मार्ग घराजवळ उपलब्ध झाला. ही घडामोड मोलाची आहे. पण तिच्यात एक गाठ आहे. व्यवसायाची मिळकत डोक्यांवर मोजली जाते. जितके पर्यटक पाण्यात उतरतील तितका पैसा. शिक्षकाचे कर्तव्य मात्र पुष्कळदा उतरू न देण्यात असते: दमेकऱ्याला थांबवणे, अपस्माराचा वा हृदयविकाराचा इतिहास विचारणे, गरोदर स्त्रीला नकार देणे, मद्य घेऊन आलेल्याला परत पाठवणे, पाणी गढूळ असता सबंध होडी मागे वळवणे. त्याने तरंगण्याचा समतोल शिकवला तर पाय प्रवाळावर आपटत नाहीत. त्याने घाई केली तर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले प्रवाळ एका लाथेसरशी तुटते. म्हणजे समुद्राची आणि माणसाची, दोन्हींची सुरक्षितता ज्या संयमावर उभी आहे, त्याच संयमाचा भुर्दंड आजच्या व्यवस्थेत एकट्या शिक्षकावर पडतो.

नौदलातून निवृत्त झालेले आयएनएस गुलदार हे जहाज निवती येथील खडकांजवळ बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना शासनाने आखली. अशा जागी पर्यटकांना नेण्यासाठी अधिक खोलीचे आणि अधिक शिस्तीचे शिक्षक लागतील, आणि ते कोकणच्याच मुलांतून घडावेत हे न्याय्य होय. त्यासाठी शिक्षकाचे वेतन डोक्यांच्या मोजणीपासून सुटले पाहिजे, त्याने दिलेल्या नकाराची नोंद दफ्तरी कामगिरी म्हणून झाली पाहिजे, आणि पावसाळ्याच्या बंद महिन्यांत प्रशिक्षणाला आधार मिळाला पाहिजे. पर्यटकही काही देणे लागतो. होडीत पाय ठेवण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी पाहाव्यात: आपल्याबरोबर उतरणाऱ्याचा दाखला चालू मुदतीचा आहे काय, आपल्या प्रकृतीची चौकशी कोणी केली काय, आणि श्वास न रोखण्याचा नियम आपल्याकडून किनाऱ्यावरच वदवून घेतला काय. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असून त्याउपर शिक्षकाने ‘आज नको’ म्हटले, तर पैशाची हुज्जत न घालता परत फिरावे. कारण ज्या ज्ञानासाठी आपण त्याला मोबदला देतो, त्या ज्ञानाचा तोच सर्वांत शुद्ध वापर होय.