नादविकृति आणि तिचें प्रमाण

आपल्या संगीतशास्त्रांत कोमल व तीव्र स्वरांस ‘विकृत’ स्वर म्हणतात. त्यांत निंदेचा लेशहि नाहीं. परंतु घरांतील तरुण मुलगा संगणकावर गाणें ध्वनिमुद्रित करून त्यांत ‘डिस्टॉर्शन’ म्हणजे नादविकृति घालूं लागला, कीं वडील मंडळींस ती निव्वळ कर्कशता वाटते आणि शब्दानें शब्द वाढतो. अशा घरांसाठीं या विषयाचें मर्म थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गीताचें ध्वनिमुद्रण चाललें असतां यंत्रांत बिघाड होऊन बास गिटारचा आवाज फाटका उमटला. तो तसाच ठेवून १९६१ सालीं गीत प्रसिद्ध झालें व लोकांस आवडलें. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं पुढें तोच आवाज मुद्दाम काढणारें उपकरण सिद्ध केलें. तें १९६२ सालीं ‘फझ-टोन’ या नांवानें बाजारांत आलें.

यामागील शास्त्र सोपें आहे. यंत्राच्या शक्तीपलीकडे ध्वनि रेटला म्हणजे त्याच्या तरंगांचे माथे छाटले जातात आणि नवे उपस्वर जन्मास येतात. सेकंदास १०० कंपनांच्या स्वरापासून २००, ३००, ४०० कंपनांचे स्वर निघतात. माथे न छाटतां नुसते गोलावले, तर हेंच कार्य सौम्यपणें होतें. त्यास ‘सॅच्युरेशन’ म्हणतात. चुंबकीय फितीवर जोरानें मुद्रण केलें असतां असेंच घडतें. लहान स्पीकरमधून खर्ज उमटत नाहीं, तेथें हे उपस्वर कानास त्याची जाणीव करून देतात.

खरी कसोटी दोन स्वर एकत्र आले म्हणजे लागते. षड्ज २०० व पंचम ३०० कंपनांचा धरला, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून निघणारे सर्व स्वर १०० च्या पटींतच बसतात. म्हणून ही जोडी विकृतींतहि भारदस्त लागते. षड्जासवें कोमल ऋषभ असेल, तर मात्र गोंगाट माजतो. यास्तव सबंध गाण्यावर एकच विकृति लादण्यापेक्षां एकेका वाद्यास ती बेताबेतानें द्यावी.

वडीलधाऱ्यांनींहि तंबोऱ्याची जवारी आठवावी. घोडीवर तारेखालीं सूत सरकवून तारेस किंचित् घासूं देतात, म्हणूनच तिचा नाद उपस्वरांनीं भरून येतो. सूत जरासें हललें, कीं तीच तार मुकी होते. प्रकार निराळा, पण विवेक तोच.

मुलांस एवढेंच सांगावें : विकृतीनें आवाज चढतो, आणि चढलेला आवाज कानास उगीच सरस वाटतो. यासाठीं मूळ व विकृत अशा दोन्ही प्रती सारख्या आवाजांत लावून ऐकाव्या, आणि त्या वेळीं घरांतील एखाद्या जाणत्या कानानेंहि शेजारीं बसावें.