शांतीचा वांटा

भोर व वेल्हें या मावळ भागांतल्या खेड्यांत सायंकाळीं टाळमृदंगाचा नाद उठला म्हणजे दिवसभर राबलेला मनुष्य आपला शीण कोठें नेऊन ठेवतो, हें निराळें सांगावयास नको. अंतःकरणाची शांति एकट्यानें कोंडून ठेवावयाची नसून चारजणांत बसून गावयाची आहे, ही समजूत या मातीला संतांनीं दिली. भोरजवळून वाहणारी नीरा पुढें ज्ञानेश्वरांच्या पादुकांना स्नान घालते. तिच्या पलीकडे सातारा जिल्हा लागतो. त्याच साताऱ्यास १९१७ सालीं रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला आणि ख्रिस्ताची शांति मराठी माणसाला कोणत्या भाषेंत सांगावी, या प्रश्नाचें आपल्या परीनें उत्तर दिलें.

टिळक मूळचे कोंकणांतले, वृत्तीनें कवि आणि स्वभावानें अस्थिर. धर्माचा शोध त्यांस स्वस्थ बसूं देईना. आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांस शांति लाभली. परंतु त्यांच्या घराची शांति त्याच दिवशीं मोडली. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या माणसांत राहिल्या. पति जिवंत असून संसार नाहीं, ही त्यांची स्थिति होती. एकाचा आत्मशोध दुसऱ्यास किती महाग पडतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं तो ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत मांडला, तोही हंसत हंसत.

पुढें त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी सोंवळें सुटलें नव्हतें. नवऱ्याच्या आग्रहानें तें सुटलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. राहुरीस असतां, जातिभेद ईश्वरानें केला कीं मनुष्यानें, हा विचार त्यांच्या मनांत आपोआप उभा राहिला. उत्तर मिळालें आणि दुसऱ्याच्या हातचें पाणी पिण्याचा संकोच गळाला. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा दुसऱ्यास देतां येत नाहीं, तिची वाट तेवढी मोकळी ठेवतां येते, असें यावरून दिसतें.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच्याच शेजारीं ठेवावा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडांतला. परंतु धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्यांनीं स्वतःच पुढें नमूद केलें. मनाचें समाधान त्यांस आणखी आठ वर्षांनीं, १८९१ मध्यें लाभलें. विधि आणि शांति या एकाच घटिकेस येतात असें नाहीं. आणि ती शांति वांटणेंही सोपें नव्हतें. शारदा सदनांतल्या कांहीं मुली त्यांच्या प्रार्थनेस बसूं लागल्या तेव्हां १८९३ सालीं पुण्यांत मोठा गहजब झाला आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. पालकांची भीति निराधार म्हणतां येत नाहीं. रमाबाईंचा प्रामाणिकपणाही खोटा म्हणतां येत नाहीं.

टिळकांनीं या पेंचांतून निराळी वाट काढली. परदेशी चालीवरचीं गीतें ऐकून मराठी हृदय हालत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. अभंग, भजन व कीर्तन हीं जुनींच पात्रें घेऊन त्यांत त्यांनीं ख्रिस्तभक्ति ओतली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते मानीत. अखेरीस मिशनचा पगार सोडून त्यांनीं साताऱ्यास जो दरबार मांडला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही जागा होती. कित्येक मिशनरी मित्रांस हें रुचलें नसावें, यांत नवल नाहीं.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले व दरबाराचें काम अपुरें राहिलें. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध महाकाव्यही थोड्याच अध्यायांवर थांबलें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं उतारवयांत तें हातीं घेतलें आणि त्याचा बहुतेक भाग स्वतः रचून तें तडीस नेलें.