कोणता मुलगा घरी ठेवायचा?

अमेरिकेतलं यादवी युद्ध दोन वर्षं लांबलं आणि उत्तरेकडच्या सरकारला स्वयंसेवक पुरेनासे झाले. तेव्हा ३ मार्च १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. २० ते ४५ वयाच्या धडधाकट पुरुषांची नावं नोंदवायची आणि चिठ्ठ्या काढून माणसं न्यायची. असा कायदा रुक्षच असणार असं वाटतं, पण त्याचं दुसरं कलम वाचताना थक्क व्हायला होतं. हा गेला तर मागे घर कसं चालेल, याचा विचार तिथे एकेका ओळीत केलेला आहे.

विधवा आई ज्याच्या कमाईवर जगते, त्या एकुलत्या एका मुलाला सूट. बारा वर्षांखालच्या पोरक्या भावंडांना पोसणारा एकटा भाऊ असेल, तर त्याला सूट. आईवेगळ्या लहान पोरांना पोसणाऱ्या बापालाही.

आणि म्हाताऱ्या, थकलेल्या आईबापांचे दोन किंवा जास्त मुलगे भरतीत येत असतील तर? सूट एकालाच. तो कोण, हे मात्र सरकार ठरवणार नव्हतं. ते बापाने ठरवायचं आणि बाप हयात नसेल तर आईने. त्या वेळी अमेरिकेच्या एकाही राज्यात बाईला पुरुषाच्या बरोबरीने मताचा अधिकार नव्हता, पण हा निवाडा कायद्याने तिच्या हाती दिला. थोरला शेत सांभाळतो, धाकट्याची तब्येत तोळामासा; कुणाचं नाव सांगायचं? सवलत म्हणून लिहिलेल्या त्या ओळीत आईच्या काळजावर केवढा धोंडा ठेवलाय!

याच कायद्यात आणखी एक वाट होती: ३०० डॉलर भरा आणि त्या खेपेपुरते सुटा. गरिबांना ते झोंबलं आणि जुलैत न्यूयॉर्कमध्ये भीषण दंगली उसळल्या. पुढे जे झालं ते मन विषण्ण करणारं आहे. फेब्रुवारी १८६४ मध्ये काँग्रेसने घरच्या कारणांच्या सगळ्या सवलती काढून टाकल्या. पैसे भरून सुटण्याची सोय बहुतेकांसाठी बंद व्हायला मात्र जुलै उजाडला. म्हणजे विधवेच्या मुलाची सूट आधी गेली, श्रीमंताची नंतर.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या भरती कायद्यात घराचा विचार पुन्हा आला. सैन्यात असताना घरातलं एखादं अपत्य गेलं असेल आणि मागे एकच मुलगा उरला असेल, तर त्याची सक्तीने भरती करायची नाही. या वेळी गेलेल्यांमध्ये मुलगे आणि मुली, दोघांचीही नोंद होती.