वकील कधी हवा, कधी नको?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढावीच लागली, तरी दरवेळी काळा कोट सोबत लागतोच असं नाही.

■ ग्राहक तक्रार : स्वतः मांडता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. बिल, वॉरंटी कार्ड, ईमेल तारखेनुसार लावून ठेवा. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोला.

■ माहिती अधिकार : अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील.

■ मृत्युपत्र : साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक. सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांच्याही सह्या घ्या. ज्यांना वाटा द्यायचा, त्यांना साक्षीदार करू नका.

■ इथे वकील गाठाच : अटक, फौजदारी खटला, जमिनीचा दावा. चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी.

■ फी परवडत नसेल तर : महिला, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि वकील केलात, तरी कोऱ्या कागदावर सही नाही, पावतीशिवाय फी नाही!