पायांचा फटीग आणि सळईचा फटीग

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

गेल्या वर्षी इंटर-कॉलेजच्या ५००० मीटरसाठी मी रोज पहाटे मोती तलावाकडे पळायला जायचे. दीड महिन्यात पाय इतके जड झाले की होस्टेलचा जिनासुद्धा नकोसा वाटायचा. हिमोग्लोबिन तपासलं, नॉर्मल! सगळे म्हणाले, "मनाचे खेळ आहेत." मी हट्टाने अंतर वाढवलं. मग उजव्या जांघेत कळ यायला लागली. एक्स-रेमध्ये काहीच नाही. एमआरआयमध्ये मात्र दिसलं : खुब्याजवळ, मांडीच्या हाडाच्या मानेला स्ट्रेस फ्रॅक्चर.

गंमत म्हणजे हे दुखणं आपल्या सिलॅबसमधलंच आहे. रेल्वेचे आस कमी लोडवरही का तुटतात, हे एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने शोधलं. लोड पुन्हा पुन्हा आला की बारीक तडा जातो आणि वाढत जातो. अर्धा तास पळालं तर एका पायावर अंदाजे अडीच हजार वेळा लोड येतो. हाडाची मान कँटिलिव्हरसारखी वाकते : वरच्या बाजूला टेन्शन, खालच्या बाजूला कॉम्प्रेशन. वरचा तडा उघडत जातो, म्हणून तिथे बहुधा स्क्रू घालावे लागतात. माझा खालच्या बाजूला होता, म्हणून सहा आठवडे कुबड्यांवर भागलं.

आपल्या जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या सळईपेक्षा हाड एका बाबतीत भारी आहे. ते स्वतःची दुरुस्ती करतं. पण जुनं हाड खरवडायला काही आठवडे लागतात आणि नवीन भरायला सुमारे तीन महिने. लोड त्याआधीच वाढवला तर खड्डा तसाच राहतो.

मग पाय का जड होते? डॉक्टर मॅडमनी दोनच प्रश्न विचारले, "नाश्ता करतेस का? पाळी येते का?" मी गप्प. मेसचा नाश्ता मी वजन कमी करायला सोडला होता आणि पाळी तीन महिने आली नव्हती. हे आईलाही सांगितलं नव्हतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फार कमी निघालं. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही असं होऊ शकतं. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर हाडांचा खर्च कापतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. त्यात थकलेले स्नायू धक्का नीट झेलत नाहीत, तो थेट हाडावर जातो. म्हणजे थकवा आणि खुब्याचं दुखणं, दोन्हींचं मूळ एकच!

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई स्पर्धेला मुकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने स्टीपलचेसचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. एक स्पर्धा हुकली म्हणून सगळं संपत नाही. माझीही इंटर-कॉलेज हुकली. आता एक दिवसाआड, भाकरी खाऊन पळते.

पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी पळणारी कितीतरी मुलं-मुली दिसतात. त्यांच्यात तुमची बहीण असेल, मित्र असेल. जांघेत दुखतंय असं कोणी म्हणालं तर "दम नाही" म्हणू नका. आधी पळणं थांबवायला सांगा, मग डॉक्टरकडे न्या. आणि हो, जेवलास का, तेही विचारा!