मोटारीचा मोतीबिंदू

कंदिलाची काच पुसणे हे एके काळी घरोघरचे सांजवेळचे काम होते. चिमूटभर राख, जुन्या धोतराचा तुकडा आणि ‘फोडू नकोस हं!’ ही आजीची ताकीद, एवढ्या सामग्रीवर ते पार पडे. वात कितीही नीट कातरली, तेल कितीही घातले, तरी काच काजळलेली असेल तर उजेड पडायचा नाही, हे तेव्हा शाळकरी पोरालाही ठाऊक असे. वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला. त्याच्याबरोबर हे साधे शहाणपणही माळ्यावर जाऊन पडले की काय, अशी शंका मला हल्ली येते.

शंकेचे कारण आपल्या दारातच उभे आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, नवी मुंबईतल्या कोणत्याही सेक्टरात सकाळी फेरफटका मारावा आणि ओळीने उभ्या असलेल्या आठ-दहा वर्षांच्या मोटारींच्या तोंडाकडे पाहावे. अंग कसे लखलखीत! आत नवी कव्हरे, पुढे लिंबू-मिरची, काचेवर कुलदैवताचे नाव. डोळे मात्र पिवळट आणि धुरकट. कुणी ताकाचा हात फिरवून ठेवावा तसे. मालक रोज त्या डोळ्यांसमोरून जातो, पण त्याला त्यात वावगे काही दिसत नाही. पिवळेपण रोज कणाकणाने येते आणि रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. घरातल्या माणसाचे म्हातारपण कळत नाही तसेच.

या दिव्यांच्या आवरणाला आपण सारे ‘काच’ म्हणतो. वास्तविक ती काच नव्हेच. शिसपेन्सिलीत जसे शिसे नसते, तसेच हे. भाषा अशी जुनी नावे सोडत नाही, आणि भाषेच्या मास्तराला त्याची तक्रारही नाही. पण इथे नाव फसवे ठरते, कारण काच पिवळी पडत नाही आणि हे पडते. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या गोल दिव्यांवर खरी काच असे. दगड लागला तर ती फुटे, पण फुटेपर्यंत स्वच्छ राही. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची होऊन निवृत्त झाली, आणि त्या गोल काचांचा जमाना आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ संपला.

आजच्या दिव्यावर असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांना ते स्वतंत्रपणे सापडले. गाणी ऐकायच्या सीडीची तबकडीही त्याचीच. वजनाला ते काचेच्या निम्मे, हातोड्यालाही सहसा दाद न देणारे, आणि हवा तो आकार घेणारे. १९८३ साली अमेरिकेने दिव्यांच्या आकारावरची जुनी बंधने सैल केली. १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीपासून तिकडे प्लास्टिकच्या दिव्यांचे पर्व सुरू झाले, आणि पुढे ते आपल्याकडेही आले.

या गुणी वस्तूला शत्रू एकच: ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण तिच्या पृष्ठभागाची रासायनिक वीण उसवतात आणि पिवळी संयुगे तयार होतात. म्हणून कारखान्यातच तिच्यावर एक अगदी पातळ, पारदर्शक, कठीण लेप चढवलेला असतो. तो शाबूत आहे तोवर चिंता नाही. पण वर्षानुवर्षांचे ऊन, रस्त्यावरचे वाळूचे कण, आणि पहाटे गाडी पुसणाऱ्याचे धुळीने भरलेले कोरडे फडके त्याला झिजवतात. सिडकोची स्थापना झाली १९७० साली. मध्यमवर्गीयाच्या दारात मोटार ही तेव्हा नवलाईची वस्तू होती. त्यामुळे आमच्या जुन्या वसाहतींत छपराखालच्या जागा थोड्या आणि गाड्या उदंड. बहुतेक गाड्या बारमाही उघड्यावर असतात. त्यांच्या डोळ्यांवर पडदा लवकर आला तर नवल नाही.

हा केवळ रूपाचा प्रश्न असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली अशा पिवळ्या दिव्यांची मोजणी केली. नव्या दिव्याच्या मानाने त्यांतून जेमतेम एक-पंचमांश उजेड बाहेर पडत होता. आत बल्ब पूर्ण जोमाने जळत असतो, आणि रस्त्यावर रुपयातले वीस पैसे पोहोचतात. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत. आज शत्रूची विमाने नाहीत, पण त्याहून मोठा ब्लॅकआउट आपण आपखुशीने पाळतो आहोत!

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांची हकीकत सांगतो. वय अडुसष्ट, आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून रात्री येताना बोरघाटात त्यांना रस्त्याकडेची पांढरी रेघ दिसेना. बंद पडलेला एक ट्रक अगदी दहा-बारा हातांवर आल्यावर दिसला. ब्रेक लागला, निभावले. पण घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, आता पुरे. किल्ली माझ्याकडे द्या.” आप्पांनी ती निमूट काढून दिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “सर, डोळे गेले बहुतेक. आता बायकोला नाटकाला न्यायचे तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे.” त्या एका वाक्यात किल्लीपेक्षा बरेच काही हातचे गेले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की साठीनंतर डोळ्यात तरुणपणीपेक्षा कमी उजेड शिरतो हे खरे, पण वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. मग मी आप्पांना त्यांच्या गाडीपुढे नेऊन उभे केले. दोन्ही दिवे हळदीच्या दुधासारखे! एका गॅरेजवाल्याने पाहताक्षणी निकाल दिला, “अख्खी अ‍ॅसेंब्ली बदला,” आणि सांगितलेला आकडा काही हजारांचा होता. दुसरीकडे एका तरुण मेकॅनिकने आधी मगभर पाणी मागितले. ते दिव्यावर ओतले, तर काच क्षणभर स्वच्छ दिसली. “काका, रोग बाहेरचा आहे. पाणी ओरखड्यांत भरले की आरपार दिसते. आतून वाफ धरली असती तर पाण्याने फरक पडला नसता. मग दिवा उघडावा तरी लागला असता, नाहीतर बदलावा.” माणसाचा मोतीबिंदू आतल्या भिंगाचा, मोटारीचा सुदैवाने बहुतेक वेळा बाहेरचाच असतो.

पुढची शस्त्रक्रिया तासाभराची. घरी करणाऱ्यांसाठी ती क्रमाने सांगतो. दिवे साबणाच्या पाण्याने धुऊन कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावावी, नाहीतर रंग खरवडला जातो. मग आठशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सारख्या हाताने घासावे. प्रथम पिवळट पाणी ओघळते. ते दुधासारखे पांढरे येऊ लागले की पिवळा थर निघाला असे समजावे. नंतर दोन हजार आणि शेवटी तीन हजार नंबरचा पेपर; प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले का ते दिसते. या टप्प्यावर दिवा पहिल्यापेक्षाही धुरकट दिसतो आणि पाहणाऱ्याचा धीर सुटतो. तो सोडू नये. रबिंगचा मसाला लावून मऊ कापडाने घोटले की पारदर्शकता परत येते.

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि सारे श्रम पाण्यात जातात. घासताना उरलासुरला संरक्षक लेपही निघालेला असतो. प्लास्टिक उन्हाला आता उघडे पडलेले असते. त्यावर अतिनील किरणांना अडवणारे पारदर्शक लॅकर मारलेच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. ते वाळताना धूळ आणि पाणी नको. म्हणून पावसाळा सरल्यानंतरचे दिवस या कामाला उत्तम.

टूथपेस्टचा उपाय बहुतेक प्रत्येक सोसायटीत कुणीतरी सांगतोच. तिच्यातल्या बारीक खरेने थोडी चकाकी येते खरी, पण लेप काही येत नाही. चार दिवसांची चांदणी. डास पळवण्याचे औषध चोळणारेही आहेत. त्यातल्या काही औषधांतले डीट हे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करून तेवढ्यापुरती झिलई देते आणि मागाहून नुकसान करते. थिनर लावाल तर बारीक तडे जातील. आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे काच तशीच ठेवून आत भडक पांढरा एलईडी बल्ब बसवणे. हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या दिव्यात तो उजेड भलतीकडे फाकतो, धुरकट काच त्याला आणखी विखुरते, आणि आपल्याला रस्ता दिसो न दिसो, समोरचा मात्र आंधळा होतो.

त्या अमेरिकन मोजणीत घासून दुरुस्त केलेले दिवे नव्याच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत आले. म्हणजे कांती पूर्ण परतत नाही. फार जुना, तडकलेला दिवा बदलणेच बरे. पण वीसाचे सत्तर होणे ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. आप्पांना विचारा. काम झाले त्या रात्री मुलानेच त्यांच्या शेजारी बसून पाम बीच रस्त्यावर गाडी चालवून घेतली. परत आल्यावर त्याने किल्ली मागितली नाही, आणि आप्पांनीही दिली नाही.

दिवाळीला आता गावोगावी गाड्या निघतील. कुणी कशेडीच्या घाटाने कोकणात, कुणी कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे. वाटेत न दिवा असलेली सायकल असेल, बैलगाडी असेल, मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणारी बाई असेल. त्यांची आपली ओळख नाही, पण आपल्या दिव्यातला उजेड जितका आपला, तितकाच त्यांचा आहे. फराळाचे डबे डिकीत ठेवण्याआधी एकदा गाडीपुढे जाऊन उभे राहावे आणि मगभर पाणी ओतून पाहावे. एवढे करायला पाच मिनिटे पुरतात.